लाँगहॉर्न्स: ब्रूक्सचा गुडघा गेला, सीझन संपला

ऑस्टिनकर_सातारकर | १२ नोव्हेंबर २०२३

आज दिवाळीची पहिली आंघोळ. कारीट इथे मिळत नाही, म्हणून दर वर्षीप्रमाणे बाथरूमच्या उंबऱ्यावर चेरी टोमॅटो फोडला. चकलीचा पहिला तुकडा मोडला आणि फोन वाजला. जोनाथन ब्रूक्स, आपल्या टेक्सस विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे लाँगहॉर्न्सचा, रनिंग बॅक. उजवा गुडघा, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, फाटलं. सीझन खलास.

काल टीसीयूविरुद्धचा (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) सामना घरीच बघत होतो. २६-६ अशी आरामाची आघाडी, आणि शेवटी २९-२६ वर कसाबसा जीव वाचला. शेवटच्या क्षणी यूअर्सने मिचेलला तो लांब पास टाकला नसता तर आज फराळही गोड लागला नसता. पण त्या गडबडीत ब्रूक्स बाहेर गेलाय याकडे माझं खरं तर अर्धंच लक्ष होतं. वाटलं, मुरगळला असेल, पुढच्या शनिवारी येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा पोरगा हॅलेट्सव्हिलचा, म्हणजे ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियोच्या मधलं एक छोटं गाव. शाळेच्या शेवटच्या वर्षी ३,५३० यार्ड धावला. इथे आल्यावर काय, तर बिजान रॉबिन्सनच्या मागे रांगेत उभा. कुरकुर नाही, दुसऱ्या कॉलेजात उडी नाही. बिजान एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेला तेव्हा सगळे म्हणाले आता टेक्ससचं धावणं संपलं, आणि या गड्याने १,१३९ यार्ड आणि १० टचडाउन काढून दाखवले. एकट्या कॅन्ससविरुद्ध २१८.

बिग १२, म्हणजे आपल्या कॉलेज लीगमधलं, हे शेवटचं वर्ष. २००९ नंतर ट्रॉफी नाही. सगळं जुळून आलं होतं. आणि आता हे.

प्रामाणिकपणे सांगतो, बातमी वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो ‘आता पुढच्या शनिवारी आयोवा स्टेटला काय करायचं?’ त्या पोराचं काय, हे डोक्यात यायला निदान अर्धा मिनिट लागला. बायको म्हणाली, चकली खा आधी.

मिरजेचा_पंत | १२ नोव्हेंबर २०२३

अरेरे. अगदी सणाच्या दिवशी. त्याच्या जागी बॅक्स्टर आहे की अजून, पण तो पहिल्या वर्षाचा पोर.

अजाण_बालक | १२ नोव्हेंबर २०२३

बाळबोध प्रश्न, रागावू नका. मी ऑगस्टमध्येच एमएसला आलोय. रूममेट सगळे आज सुतक पडल्यासारखे बसलेत. रनिंग बॅक म्हणजे नक्की काय करतो? आणि एक गेला तर एवढं काय?

शाहूपुरी_रेडर | १२ नोव्हेंबर २०२३

बाळा, तू कबड्डी बघितली असशील की. रनिंग बॅक म्हंजे रेडर समज. फरक एवढाच, समोर सात नाय, अकरा जण, आणि त्यातले बरेच शंभर किलोच्या वरचे. आपला रेडर बोनस घेऊन परत पळतो, ह्याला पुढंच पळायचंय. कवर कुठनं येतोय ते डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघायचं, एका पायावर गिरकी मारायची. त्या गिरकीतच गुडघा जातो. मी स्वतः बारा वर्सं रेडर होतो, मला विचार.

अजाण_बालक | १२ नोव्हेंबर २०२३

वा, आता कळलं! धन्यवाद काका. त्या क्षणाचा व्हिडिओ आहे का कुणाकडे?

अथेन्सची_सून | १२ नोव्हेंबर २०२३

कृपया इथे टाकू नका. सप्टेंबरात पिट्सबर्गला एनएफएलच्या निक चबचा गुडघा गेला तेव्हा टीव्हीवाल्यांनीसुद्धा रिप्ले दाखवला नव्हता. त्यांना जेवढं कळलं तेवढं आपल्यालाही कळावं.

चबवरून आठवलं. २०१५ मध्ये आम्ही जॉर्जियातल्या अथेन्समध्ये होतो, नवऱ्याची पीएचडी चालू होती, मी एफ-टूवर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) घरी. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शनिवारी सगळं गाव लाल-काळं व्हायचं आणि घरात एकटं बसवत नसे, म्हणून शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायचे. त्यांनी मला शिकवलं. १० ऑक्टोबरला नॉक्सव्हिलला आमच्या जॉर्जिया विद्यापीठाचा टेनेसीशी सामना होता, चब तेव्हा जॉर्जियाकडून खेळायचा. काकूंनी चीज डिप ओव्हनमधून काढलं, बशा मांडायला वळल्या. तेवढ्यात पहिल्याच खेळीला चब सीमारेषेजवळ पडला. पहिल्याच! डिप तसंच राहिलं. तीन लिगामेंट गेली होती, एसीएल तेवढा वाचला होता. डॉक्टर मंडळी म्हणत होती नशीब. आम्हाला त्यात नशीब कुठे होतं ते कळेना.

आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्याच संघाचा टॉड गर्ली. त्याने स्वतःची सही विकली म्हणून चार सामन्यांची बंदी. बंदी संपवून ऑबर्नविरुद्ध परत आला, आणि त्याच सामन्यात एसीएल. सही विकून तीनेक हजार डॉलर मिळवले तर पोरगा गुन्हेगार. त्याच्या नंबराची जर्सी दुकानात विकली जात होती ती मात्र चालत होती. काकू चर्चला जाणाऱ्या, कधी वाईट शब्द तोंडात नाही. त्या दिवशी बोलल्या ते मी इथे लिहू शकत नाही.

चब परत आला मात्र. सप्टेंबर २०१६, अटलांटा, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ३२ वेळा चेंडू आणि २२२ यार्ड. काकू आणि मी दोघी रडलो. ब्रूक्सपण येईल.

थंड_डोक्याचा | १२ नोव्हेंबर २०२३

सगळ्यांच्या भावना समजू शकतो, पण जरा प्रमाणात घ्या की. आता २०२१ पासून एनआयएल आहे, पोरांना स्वतःच्या नावावर कायदेशीर पैसे मिळतात. याच कॉलेजात बिजान लॅम्बोर्गिनीतून फिरत होता आणि स्वतःच्या नावाची मोहरी विकत होता. ब्रूक्सलाही काही कमी नसणार. उत्तम डॉक्टर, फुकट शस्त्रक्रिया, पुढे एनएफएल. आपल्याकडे रस्त्यावर रोज लोकांचे गुडघे फुटतात, त्यांच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

ऑस्टिनकर_सातारकर | १२ नोव्हेंबर २०२३

थंडराव, धागा काढला म्हणजे बाकीच्यांचं दुःख कमी झालं असं होत नाही. आणि मोहरी बिजानची होती, ब्रूक्सची नव्हे. एका सीझनचा नायक आहे तो, गेल्या वर्षी त्याचं नाव तुम्हालाही माहीत नसेल.

फोर्टवर्थी | १२ नोव्हेंबर २०२३

मी टीसीयूवाला. काल स्टेडियमात होतो. आमच्याकडचे लोकही तो उठेपर्यंत गप्प होते, हे आधी सांगतो. चांगला पोर आहे, लवकर बरा होवो.

थंड_डोक्याचा यांना आमच्याच कॉलेजची एक गोष्ट सांगतो. १९७४. केंट वॉल्ड्रेप, टीसीयूचा रनिंग बॅक, बर्मिंगहॅमला अलाबामाविरुद्ध खेळताना पडला आणि मानेखालचं शरीर गेलं. गुडघा नव्हे, सगळंच. पुढे त्याने कामगार भरपाईसाठी दावा लावला, म्हणणं साधं होतं, मी कॉलेजसाठी राबत होतो, स्कॉलरशिप हा माझा मोबदला होता. आधी त्याच्या बाजूने लागलं, मग विमा कंपनी लढली, आणि अखेर २००० साली ऑस्टिनच्याच अपील कोर्टाने सांगितलं, तू नोकर नव्हतास. सव्वीस वर्षं! विद्यार्थी-खेळाडू हा जो गोड शब्द सगळे वापरतात ना, तो १९५० च्या दशकात एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने नेमका याच भीतीने रुजवला, की उद्या कोणी जखमी पोरगा भरपाई मागायला येईल. पैसे आता मिळतात हे खरं. पण खेळाडू अजूनही नोकर नाही, आणि एनआयएलचा करार गुडघ्याचा विमा नसतो.

मिरजेचा_पंत | १२ नोव्हेंबर २०२३

फोर्टवर्थी, हे माहीतच नव्हतं. शहारा आला.

गुडघ्यांची_ताई | १३ नोव्हेंबर २०२३

मी फिजिओ आहे, ठाण्यात. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, पण धाग्याच्या नावात गुडघा दिसला म्हणून आले. :)

बरेच जण ‘लिगामेंट शिवतील आणि झालं’ असं समजतात. एसीएल सहसा शिवत नाहीत. हा तीनेक सेंटीमीटरचा दोर सांध्याच्या आत असतो, चहूबाजूंनी सांध्याचं पाणी. बाहेरचं लिगामेंट फाटलं तर रक्त गोठतं, त्या गाठीवर नवीन पेशी धरतात. इथे ते पाणी गाठ बसूच देत नाही. म्हणून दुसरीकडचा तुकडा काढून तिथे नवीन दोर बसवतात. वाटीखालच्या शिरेतला (शीर म्हणजे इथे स्नायू हाडाला बांधणारा दोर, रक्ताची नव्हे), मांडीच्या मागच्या शिरेतला, नाहीतर हल्ली मांडीच्या पुढच्या शिरेतला. मृत दात्याचा तुकडाही वापरतात, पण तरुण खेळाडूंमध्ये तो जास्त वेळा तुटतो, म्हणून टाळतात.

आता खरी गोम. नवीन दोर बसवला त्या दिवशी तो मजबूत असतो. मग शरीर त्याला आपलंसं करायला लागतं आणि या काळात तो उलट कमजोर होतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पेशंट जिना धडाधड उतरतो, सूज नाही, दुखत नाही, आणि मला म्हणतो ‘ताई, आता पळू?’ नेमका तेव्हाच दोर सगळ्यात नाजूक. माझ्या टेबलाच्या कडेला मी एक रबरबँड बांधून ठेवलाय, उन्हाने कडक झालेला. पळू म्हणणाऱ्याला तो ताणून दाखवते.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलं होतं की खेळात परतायला नऊ महिन्यांपर्यंत जितका महिना थांबाल, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होतं. म्हणून नऊ महिने. आणि नुसतं कॅलेंडर नाही, एका पायावर उडी मारून दोन्ही पाय सारखे आले पाहिजेत.

तेव्हा तुमचा हा मुलगा पुढच्या ऑगस्टच्या आत सामन्यात उतरला तर मला कळवा, मी येऊन ओरडते.

अजाण_बालक | १३ नोव्हेंबर २०२३

ताई, जबरदस्त. रबरबँड रूममेटना दाखवला.

शाहूपुरी_रेडर | १४ नोव्हेंबर २०२३

ताई, तुमचं वाचून रात्रभर झोप नाय. लिहू का नको करत होतो, आज पाडवा, तरी लिहितो.

माझा भाचा. वीस वर्सं. कॉलेजच्या संघात रेडर, माझ्यापेक्षा सरस, खोटं नाय सांगत. गेल्या डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन सामन्यात गिरकी मारताना आतनं ‘कट्’ असा आवाज आला. मॅटवर बसला. त्याच्या सरांनी क्रेप बँडेज गुंडाळलं, बर्फ लावला, आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत उतरवला. पोरगं बी हट्टी. जिंकले. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. मग गावाकडं एका हाड बसवणाऱ्याकडं दोन महिने तेल चोळणं चाललं. जिना उतरताना गुडघा निसटायचा, तरी म्हणायचा बरा हाय. आठ महिन्यांनी परत खेळला तेव्हा गुडघ्यातली गादी बी फाटली. आता एमआरआयच्या कागदावर एवढं लिहिलंय की वाचवत नाय. ऑपरेशनचा खर्च पावणेदोन लाख सांगितलाय. कॉलेजात विचारायला गेलो तर म्हणाले, खेळाडूनं आपल्या जबाबदारीवर खेळायचं असतं, फॉर्मवर सही हाय त्याची. सही हाय खरी. अठराव्या वर्षी केलेली.

ब्रूक्सला निदान दुसऱ्या दिवशी कळलं काय फाटलंय ते.

थंड_डोक्याचा साहेब, तुमच्यावर राग नाय. तुम्ही म्हणला रोज गुडघे फुटतात म्हणून सांगावंसं वाटलं.

थंड_डोक्याचा | १४ नोव्हेंबर २०२३

रेडर काका, मी निरुत्तर. खातं क्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जमेल तेवढं पाठवतो.

अथेन्सची_सून | १४ नोव्हेंबर २०२३

मीही.

शाहूपुरी_रेडर | १४ नोव्हेंबर २०२३

पैसे नकोत, मनापासून आभार. म्हस विकलीय एक, होतंय. तो कागद तेवढा कुणी वाचून सांगा, मराठीत.

गुडघ्यांची_ताई | १४ नोव्हेंबर २०२३

व्यनि केलाय. नाव झाकून पाठवा. घाई नको, पण जिन्याचा कठडा धरूनच उतरायचं, आणि तेलवाल्याला नमस्कार.

मिरजेचा_पंत | १९ नोव्हेंबर २०२३

काल आयोवा स्टेट २६-१६. बॅक्स्टर पोरगा उभा राहिला. विषयांतर होतंय का? धागा याचाच होता म्हणून लिहिलं.

ऑस्टिनकर_सातारकर | ३ डिसेंबर २०२३

बिग १२ जिंकलो!!! ४९-२१, ओक्लाहोमा स्टेटचा चुराडा. आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्येही पोचलो. कालपासून घसा बसलाय. हा धागा उघडला तेव्हा मला वाटलं होतं सगळं संपलं. सगळं संपलं नाही, फक्त एका जणाचं संपलं. चौदा वर्षांनी हातात आलेल्या ट्रॉफीत त्याचे १,१३९ यार्ड आहेत.

ऑस्टिनकर_सातारकर | २ जानेवारी २०२४

प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनकडून हरलो, ३७-३१. शेवटच्या सेकंदाला एंड झोनमध्ये पास तुटला. ब्रूक्स असता तर वगैरे मी लिहिणार नाही. (लिहिलंच.)

शाहूपुरी_रेडर | १८ मार्च २०२४

भाच्याचं ऑपरेशन काल झालं. मांडीच्या मागची शीर काढून बसवली. गादी शिवली, कापावी लागली नाय. ताईंनी आधीच कागद समजावून दिला होता त्यामुळं डॉक्टरला तीन प्रश्न असे विचारले की ते म्हणाले तुम्ही मेडिकलचे का. पोरगं पडल्या पडल्या फोनवर ब्रूक्सचे व्हिडिओ बघतंय. मीच दिले. म्हणतोय ह्यो चोवीस नंबर माझ्यासारखाच डावीकडं झुकून उजवीकडं जातोय.

मिरजेचा_पंत | २७ एप्रिल २०२४

काल एनएफएल ड्राफ्टची (संघ कॉलेजमधले खेळाडू निवडतात ती) दुसरी फेरी. ब्रूक्सला कॅरोलायना पँथर्सनी घेतलं, ४६ वा. यंदा संपूर्ण ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला रनिंग बॅक! गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक कुणी घेतला नाही, हे या जागेची किंमत काय राहिलीय याबद्दल बरंच सांगतं.

सोलापुरी_चादर | २७ एप्रिल २०२४

वाचनमात्र होतो. दुसऱ्या बाजूचं एक नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितोय. मार्कस लॅटिमोर, साउथ कॅरोलायना. २०११ ला डावा गुडघा. वर्षभरात परत आला आणि २७ ऑक्टोबर २०१२ ला टेनेसीविरुद्ध उजवा गुडघा सांध्यातूनच निखळला. मी तेव्हा कोलंबियात शिकत होतो, वरच्या स्टँडमध्ये होतो. दोन्ही संघ, अख्खेच्या अख्खे, मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. टेनेसीचेही. एवढ्या हजारो लोकांत माझ्या मागे कोणाच्या तरी हातातली पॉपकॉर्नची पिशवी चुरगळल्याचा आवाज ऐकू येत होता. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. एनएफएलच्या फोर्टी-नायनर्सनी चौथ्या फेरीत घेतलं, पण एकही सामना न खेळता २०१४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. सगळेच निक चब होत नाहीत.

अथेन्सची_सून | २७ एप्रिल २०२४

आज नको होतं हे.

सोलापुरी_चादर | २७ एप्रिल २०२४

खरंय. क्षमस्व. अभिनंदन ब्रूक्स.

ऑस्टिनकर_सातारकर | २५ नोव्हेंबर २०२४

काल ब्रूक्स खेळला! पँथर्सकडून, चीफ्सविरुद्ध. एक वर्ष आणि तेरा दिवसांनी. थोडाच वेळ उतरवला, हरकत नाही. ताई, नऊ महिने नाही, बारापेक्षा जास्त थांबला. ओरडायला यायची गरज नाही.

गुडघ्यांची_ताई | २५ नोव्हेंबर २०२४

शाब्बास. ही टीम मला आवडली.

शाहूपुरी_रेडर | २५ नोव्हेंबर २०२४

भाच्यानं सकाळी पेढे आणले. दुकानदारानं विचारलं कशाचे, तर सांगतोय मित्र खेळला अमेरिकेत.

मिरजेचा_पंत | ९ डिसेंबर २०२४

ब्रूक्स, काल फिलाडेल्फियाविरुद्ध. तोच उजवा गुडघा. तोच एसीएल. तिसराच सामना होता.

अजाण_बालक | ९ डिसेंबर २०२४

ताई, सगळं बरोबर केलं होतं ना त्यांनी?

गुडघ्यांची_ताई | ९ डिसेंबर २०२४

हो. माझ्या माहितीप्रमाणे जेवढं थांबायला हवं त्यापेक्षा जास्त थांबले. धोका निम्मा होतो, शून्य होत नाही. ज्याचा तुटतो त्याचा पुरताच तुटतो. हे मी रोज सांगते आणि सांगताना मलाच ऐकवत नाही.

थंड_डोक्याचा | ९ डिसेंबर २०२४

फार वाईट वाटलं. खरंच.

शाहूपुरी_रेडर | १० डिसेंबर २०२४

ताई, भाच्याला मी अजून सांगितलं नाय. काल दोनदा फोन आला, उचलला नाय. येत्या मंगळवारी त्याचे नऊ महिने भरतात. नवीन बूट आणून ठेवलेत, खोक्यातनं काढून रोज बघतो असं बहीण म्हणत होती. उतरू दे का नको?

गुडघ्यांची_ताई | १० डिसेंबर २०२४

मंगळवार विसरा. आधी एका पायावरच्या उडीचा व्हिडिओ पाठवायला सांगा, तीन उड्या उजव्या, तीन डाव्या, खडूने खुणा करून, मोजायची टेप दिसली पाहिजे. आणि बूट घालून नाही, ज्या मॅटवर खेळणार त्या मॅटवर.

ब्रूक्सचं मी सांगते त्याला. आज रात्री साडेनऊनंतर फोन करू दे.